दुपारच्या पंगतीचा सूर्य

जुलै २००९ संपता संपता शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयातल्या सौर स्वयंपाक यंत्रणेचं उद्घाटन झालं. मुहूर्त काढणाऱ्याने पंचांग पाहिलं असेल, आभाळ पाहिलं नसावं. श्रावण नुकता लागला होता. आठवडाभरापूर्वी, २२ तारखेला, खग्रास सूर्यग्रहण होऊन गेलं होतं आणि सुरतेपासून पाटण्यापर्यंत ते बघायला जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांना नुसते ढग बघून घरी जावं लागलं होतं. अशा दिवसांत सूर्याला चुलीला जुंपायचा हा सोहळा. उद्घाटक होते केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्री फारूक अब्दुल्ला. मशिदीत राहून तिला द्वारकामाई म्हणणाऱ्या फकिराच्या गावी काश्मीरचा हा पाहुणा परका वाटण्याचं कारण नव्हतं.

यंत्रणा मोठी होती. प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या, म्हणजे एकूण अकराशेहून जास्त चौरस मीटर आरसा. त्यातून दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ, तिच्यावर वीस हजार माणसांचा स्वयंपाक आणि वर्षाकाठी एक लाख किलो गॅसची बचत. खर्च १.३३ कोटी रुपये, त्यातलं ५८.४० लाखांचं अनुदान केंद्र सरकारचं. जगातली सर्वांत मोठी सौर वाफेची यंत्रणा म्हणून तिची जाहिरात झाली. पण या यंत्रणेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आकाराची नाही. तबकड्यांच्या रांगेवरून एक आडवा जाड नळ जातो. तो अर्धा पाण्याने भरलेला असतो. गार पाणी जड, ते आपोआप खाली उतरतं, जिथे आरशांचं ऊन एकवटलेलं असतं तिथे तापतं आणि वाफ होऊन परत नळात वर चढतं. हे चक्र फिरवायला पंप लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी वाफ बनत राहते. तो महाराष्ट्रातल्या भारनियमनाचा काळ होता; ग्रामीण भागात वीज केव्हा येते यावर लोक आपला दिवस आखत होते. सकाळी एका माणसाने तबकड्या पूर्वेकडे वळवून द्यायच्या, पुढे त्या सूर्यामागे आपापल्या वळत राहतात. ढगाळ दिवसासाठी जुना बॉयलर जोडलेलाच असतो.

शिर्डीला स्वयंपाकाचं नातं जुनं आहे. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’चा अडतिसावा अध्याय बाबांच्या हंडीबद्दलच आहे. बाबा स्वतः बाजारात जाऊन, पारखून, रोख पैसे मोजून धान्य-मसाला आणत. दळण आणि वाटण स्वतःच करत आणि अंगणात चूल मांडून हंडी चढवत. एक हंडी पन्नास माणसांची, एक शंभरांची. उकळत्या हंडीत हात घालून ढवळत, अशी आठवण त्या अध्यायात आहे. पुढे भक्त वाढले, नैवेद्याच्या राशी येऊ लागल्या आणि हंडी मागे पडली. द्वारकामाईतली धुनी मात्र आजही लाकडावरच जळते. तिची उदी भक्त घरी नेतात. एकाच संस्थानात एक अग्नी सरपणाचा आणि एक स्वयंपाक ज्योतीशिवायचा. यात कुणाला विसंगती वाटत नाही, मलाही वाटत नाही. धुनी पेटती ठेवणं ही श्रद्धा आहे आणि वीस हजारांचा भात शिजवणं हा धंद्याइतकाच काटेकोर व्यवहार आहे. पुढची सगळी गोष्ट या व्यवहाराची आहे.

उन्हावर शिजवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. १८७८ मध्ये मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या, हायकोर्टात उपनिबंधक असलेल्या इंग्रजाने उष्ण देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता कशी वापरावी यावर एक पुस्तकच छापलं. मुंबईत कोळसा विलायतेहून येई आणि महाग पडे. लाकूड तर दिवसेंदिवस दूर जात होतं. ॲडम्सने काचेच्या आरशांचं अष्टकोनी नरसाळं करून सात सैनिकांचा मांस-भाजीचा शिधा दोन तासांत शिजवून दाखवला, तोही जानेवारीत. कुलाब्याच्या आपल्या आवारात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रांग उभारून त्याने अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंपही चालवला. सैन्याने आणि सरकारने कौतुक केलं आणि विषय तिथेच थांबला.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने घरगुती सौर कुकर केला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची बरीच वाहवा झाली. कुकर खपला मात्र नाही. कारणं कुठल्याही गृहिणीला विचारली असती तर तिने एका दमात सांगितली असती. तो अंगणात उन्हात ठेवायचा, म्हणजे बाईनेही उन्हात उभं राहायचं. सूर्य सरकला की दर थोड्या वेळाने तो फिरवायचा. भाकरी भाजता येत नाही, फोडणी देता येत नाही. मुख्य म्हणजे शेतावर राबणाऱ्या घरात गरम जेवण लागतं ते दिवस मावळल्यावर. किंमत ही अडचण होतीच, पण ती पहिली नव्हती.

सूर्याची बाजू आपल्याकडे तेव्हा कुणी हिरिरीने मांडली असेल तर ती दामोदर धर्मानंद कोसंबींनी. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे, आणि नोकरी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे होमी भाभांच्याच छत्राखाली! १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे बोलताना त्यांनी अणुऊर्जेचा खर्चिक हट्ट सोडून देशाने सौरऊर्जेकडे वळावं असं बजावलं. देशावर फुकट पडणारं ऊन विकेंद्रित आहे, ते खेड्यापर्यंत न्यायला तारा लागत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. दोन वर्षांनी संस्थेतली त्यांची मुदत वाढवली गेली नाही. बौद्ध पंडित धर्मानंदांच्या या मार्क्सवादी मुलाने देवळांच्या भटारखान्यांकडे आशेने बघणं शक्य नव्हतं. घडलं मात्र तिथेच.

१९८६ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवायला हवं. सप्टेंबरच्या २९ तारखेला इटलीतल्या असिसी गावी, संत फ्रान्सिसच्या गावी, जागतिक वन्यजीव निधीच्या पंचविशीनिमित्त पाच धर्मांचे प्रतिनिधी जमले. बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम आणि ज्यू परंपरांनी निसर्गाबद्दलचे आपापले जाहीरनामे वाचले. हिंदूंच्या वतीने डॉ. कर्णसिंह होते. पुढच्या वर्षी बहाईंनीही या प्रयत्नात आपलं निवेदन जोडलं. धर्म आणि पर्यावरण या विषयावरच्या लेखांत असिसीचा उल्लेख असतोच.

त्याच वर्षी उत्तर केनियातल्या एका ख्रिस्ती मिशनच्या ठाण्यावर वुल्फगांग शेफलर नावाच्या तरुण ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने आरशाची एक तबकडी उभी केली. आकार १.१ मीटर गुणिले दीड मीटर. तिचं छायाचित्र कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही. पण ॲडम्सपासून प्रत्येकाचं घोडं जिथे अडलं होतं ती अडचण तिने सोडवली होती.

नेहमीच्या तबकडीत ऊन तिच्या समोर, मधोमध एकवटतं. तबकडी सूर्यामागे फिरली की तो बिंदूही फिरतो, म्हणून पातेलंही तबकडीसोबत फिरवावं लागतं. शेफलरने पूर्ण तबकडी घेतलीच नाही. एका अवाढव्य पातेल्याच्या कडेचा तुकडा कापून घ्यावा तसा त्याने मोठ्या परवलयाच्या बाजूचा एक लांबट तुकडा घेतला. त्याचा बिंदू तबकडीपुढे न पडता दूर, बाजूला पडतो. मग पृथ्वीच्या आसाला समांतर असा एक आस त्याच बिंदूतून जाईल असा धरला आणि तुकडा त्याच्याभोवती तासाला पंधरा अंश फिरवला. बिंदू जागचा हलत नाही. दिवसभर एकाच जागी ऊन एकवटत राहतं. ती जागा भिंतीच्या आत, स्वयंपाकघरात असू शकते! उत्तरेकडच्या भिंतीला एक झरोका ठेवायचा, बाहेर तबकडी, आत दुसरा एक लहान आरसा, त्यावर पातेलं. बाई सावलीत. उत्तरायण-दक्षिणायनाप्रमाणे सूर्य वर-खाली होतो, म्हणून दर काही दिवसांनी तबकडी थोडी झुकवावी लागते आणि तिचा आकारही थोडा वाकवून बदलावा लागतो. लवचीक सांगाडा आणि दोन स्क्रू एवढ्यावर ते भागतं. फिरवायला सुरुवातीला घड्याळासारखी यंत्रणा होती, तीही गावच्या कारखान्यात दुरुस्त होईल अशी. लोखंडी पट्ट्या, सळ्या, आरशाचे तुकडे. शेफलरने पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्याने बनवावी.

म्हणजे ही तबकडी घडवली गेली ती गरीब देशातल्या बाईच्या चुलीसाठी. ती देवस्थानांत कशी पोचली?

दुवा गुजरातेतला आहे. जर्मनीत राहून परतलेले अभियंते दीपक गढिया आणि त्यांच्या पत्नी डॉ. शिरीन गढिया यांनी वलसाडला पर्यावरणाचं काम उभं केलं होतं. शेफलरची तबकडी भारतात बनवून पाहण्याचं त्यांनी मनावर घेतलं. पहिल्या तबकड्या आश्रमशाळा, वसतिगृहं, संस्था अशा ठिकाणी गेल्या. त्याच सुमारास अबूच्या पहाडावर प्रजापिता ब्रह्माकुमारी विश्वविद्यालयाचे लोकही याच शोधात होते. सिंधमध्ये १९३०च्या दशकात सुरू झालेला आणि फाळणीनंतर, १९५० मध्ये, अबूला येऊन स्थिरावलेला हा पंथ. महाराष्ट्रात त्यांची सेवाकेंद्रं नाहीत असा तालुका शोधावा लागेल. पांढऱ्या साडीतल्या ‘बहेनजी’ आपल्या ओळखीच्या. वर्षातून काही महिने देशभरातून साधक अबूला जातात आणि पायथ्याच्या शांतिवनात एकेका वेळी हजारोंच्या पंगती उठतात. अन्न कुणी शिजवलं, कोणत्या मनःस्थितीत शिजवलं, याला या पंथात फार महत्त्व. म्हणून बाहेरचा केटरर चालत नाही. सगळा स्वयंपाक घरचाच. आणि त्या कोरड्या मुलखात इंधन डिझेलचं.

तिथे गोलो पिल्झ नावाचा जर्मन साधक होता. ध्यानाला आलेला आणि ऊर्जेच्या कामात अडकलेला. शेफलर, पिल्झ आणि भारतीय अभियंत्यांनी मिळून एक साधा बदल केला: तबकडीने पातेलं तापवायच्याऐवजी पाणी तापवायचं, अनेक तबकड्यांची वाफ एका नळात गोळा करायची आणि ती भटारखान्यात न्यायची. आधी पहाडावरच्या ज्ञानसरोवर परिसरात लहान प्रमाणावर, मग १९९०च्या दशकाच्या अखेरीस शांतिवनात ८४ तबकड्या. चांगल्या उन्हाच्या दिवशी ३८,५०० जेवणं शिजवण्याची त्यांची क्षमता सांगितली गेली. चुलीसाठीची वस्तू इथे कारखान्याच्या मापाची झाली. शेफलरला हे सुखाचं वाटलं की दुःखाचं, कुणास ठाऊक. तो त्यात शेवटपर्यंत सहभागी होता, एवढं खरं.

मग तिरुमला. तिथे नित्य अन्नदान १९८५ मध्ये, एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना सुरू झालं. बालाजीच्या डोंगरावर प्रत्येक पिंप डिझेल घाटाने चढवावं लागे. ऑक्टोबर २००२ मध्ये गढियांच्या कंपनीने तिथे १०६ तबकड्या बसवल्या, पंधरा हजार माणसांच्या दोन वेळच्या जेवणासाठी. वर्षाला लाखाहून अधिक लिटर डिझेल वाचेल असा हिशोब होता. तिरुपतीला जे चाललं ते इतर देवस्थानांच्या विश्वस्तांना पटायला वेळ लागत नाही. शिर्डीचं २००९चं काम याच वाटेने आलं.

या सगळ्यात हवामानबदल कुठे होता? खरं सांगायचं तर फारसा नव्हता. अबूला ब्रह्माकुमारींच्या बोलण्यात पृथ्वीविषयीची आस्था होती आणि ती मनापासूनची होती. पण तिरुमला-शिर्डीच्या फाइलींत वजन होतं ते डिझेल-गॅसच्या बिलाचं आणि सरकारी अनुदानाचं. शिर्डीचं संस्थान तर २००४च्या स्वतंत्र कायद्याने चालतं. तिथे एक साधं टेबल घ्यायचं तरी निविदा निघते. भक्तीने तबकड्या बसवल्या असं कुणी लिहिलं तर ते गोड वाटेल, खरं नसेल.

तरीही या तंत्राला आश्रमांनी आणि देवळांनीच जगवलं, कारखान्यांनी नाही, हे विसरता येत नाही. त्याचं कारण मला घड्याळात दिसतं. सौर चूल ज्या ज्या कारणांनी घरात हरली, नेमकी तीच कारणं पंगतीत उलटी पडली. घरात जेवण संध्याकाळचं मुख्य; देवळात महाप्रसाद मध्यान्ह आरतीनंतरचा. घरात चार माणसांचं, देवळात हजारोंचं, म्हणजे एका तबकडीची झीज-तूट इतर तबकड्या भरून काढतात. घरात बदलती मर्जी, आज पोळी, उद्या थालीपीठ. देवळात वर्षानुवर्षं भात, वरण, भाजी, आणि वाफेवर या तिन्हींचं छान जमतं. बुंदी तळायला आणि पोळ्या भाजायला गॅस लागतोच, तो लागू द्या. घरातल्या बाईला आरसे पुसायला वेळ नाही. आश्रमात सेवा म्हणून फडकं हातात घेणारे दहा जण उभे. आणि पाच-सात वर्षांनी पैसे वसूल होतील असं सांगितलं तर उद्योगपती दोन वर्षांत वसुली मागतो. देवस्थानाला मात्र आपण शंभर वर्षांनीही इथेच असू याची खात्री असते. भांडवलाला एवढा धीर दुसरीकडे कुठे मिळतो?

धीराला मर्यादा आहेत. आरशावर धूळ बसते, नगर जिल्ह्याची धूळ तर ख्यातनाम. चार महिने पावसाळा. मधल्या काळात अधिकारी बदलतात, नव्या अधिकाऱ्याला जुन्याची योजना सावत्र वाटते. आणि २०१०नंतर बाजारच पालटला: वीज बनवणारी सौर पॅनेलं दर वर्षी इतकी स्वस्त होत गेली की वाफेच्या तबकड्यांचं गणित विश्वस्तांना पटवणं अवघड झालं. पॅनेल एकदा बसवलं की सुखाने पडून राहतं. ते सूर्यामागे वळवायला लागत नाही आणि त्याची वीज दिव्याला, पंख्याला, लिफ्टला, कशालाही चालते. तबकडी बिचारी एकच काम जाणते.

ब्रह्माकुमारींनी तरीही हट्ट सोडला नाही. त्यांच्या ट्रस्टने अबू रोडला ‘इंडिया वन’ नावाचं एक मेगावॅटचं सौर औष्णिक वीजकेंद्र बांधलं. शेफलरच्या कल्पनेवरच्या प्रत्येकी ६० चौरस मीटरच्या ७७० तबकड्या. प्रत्येकीपुढे ओतीव लोखंडाचा एक भरीव गोळा, जो दिवसभर तापतो आणि सोळा तासांपुरती उष्णता साठवून ठेवू शकतो. भारत आणि जर्मनी दोन्ही सरकारांची मदत, काम बरंच लांबलं, २०१७ मध्ये केंद्र सुरू झालं. रात्रीचा प्रश्न त्यांनी लोखंड तापवून सोडवला. पैशाच्या हिशोबात हे केंद्र पॅनेलांपुढे टिकत नाही, आणि ते करणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही.

दरम्यान जाहीरनामे आपल्या वाटेने चालले होते. शिर्डीच्या उद्घाटनानंतर तीन-चार महिन्यांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये, इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात प्रिन्स फिलिप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांच्या उपस्थितीत जगभरच्या धर्मसंस्थांनी पर्यावरणाच्या दीर्घ योजना मांडल्या. महिनाभरात कोपनहेगनची हवामान परिषद होती. ब्रह्माकुमारी तिथेही गेल्या आणि त्यानंतरच्या परिषदांतही दिसू लागल्या. २०१५च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आलं, आणि गरिबांची हाक व पृथ्वीची हाक एकच आहे हा विचार जगातल्या चर्चपर्यंत पोचला. हे सगळं महत्त्वाचं आहे. पण असिसीच्या त्या वर्षी केनियात कुणीतरी आरसे चिकटवत बसलं होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि शिर्डीचं काय? वाचलेला एक लाख किलो गॅस म्हणजे घरगुती मापाच्या सात हजार टाक्या. वर्षाला सात टाक्या लागणाऱ्या हजार घरांचं इंधन. आकडा लहान नाही. पण १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीजवळ काकडी गावी विमानतळ सुरू झाला, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते. त्याआधीही मुंबई-पुण्याहून गुरुवारी येणाऱ्या गाड्यांच्या धुराचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. प्रसादालयाने जे वाचवलं ते दर्शनाच्या वाटेवर किती वेळा जळतं, हा प्रश्न भाविकाला विचारण्याची कुणाची छाती नाही. माझीही नाही.

ऊर्जेच्या न्यायाचा प्रश्न मात्र विचारायला हवा, कारण तबकडी गरिबासाठी जन्मली होती. तिचा गरिबांकडे जाणारा धागा पाहायचा तर इंदूरला जावं लागतं. होळकरांचं इंदूर, जिथे अजून मराठी घराघरांत बोलली जाते. तिथे १९८५ मध्ये बहाई समाजाने आदिवासी बायकांसाठी बरली संस्था सुरू केली. बहाई धर्म आपल्याला फार माहीत नसला तरी पाचगणीची न्यू इरा शाळा माहीत असते; ती त्यांचीच. झाबुआ, धार भागातल्या भिल्ल मुली, बहुतेक निरक्षर, काही महिने इथे राहून अक्षर, शिवण, आरोग्य शिकत. जनक पलटा आणि त्यांचे उत्तर आयर्लंडहून आलेले पती जिमी मॅकगिलिगन यांनी ही संस्था वाढवली. तिच्या सुरुवातीच्या काळातलं मोठं काम नारूचं. दूषित विहिरीच्या पाण्यातून होणारा, पायातून हातभर जंत बाहेर पडणारा तो रोग मराठवाड्या-खानदेशातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. झाबुआच्या ३०२ गावांतून नारू हटवण्यात या मुलींनी काम केलं आणि १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान संस्थेला मिळाला.

१९९८ मध्ये बरलीच्या स्वयंपाकघरात शेफलरची तबकडी आली. शंभरेक माणसांचा स्वयंपाक, त्यात शिकणाऱ्याच स्वयंपाक करणाऱ्या. सरपण वेचण्यात ज्यांचं बालपण गेलं त्या मुली इथे आरशाचा कोन लावायला शिकल्या, स्क्रू फिरवून ऋतूप्रमाणे सांगाडा वाकवायला शिकल्या, तुटला तर जोडायला शिकल्या. घरी नेण्यासाठी लहान, मधोमध पातेलं ठेवायच्या तबकड्या होत्या. त्या पाड्यांवर गेल्या, वापरल्या गेल्या, काही अंगणात उभ्या राहिल्या. जिमी २०११ मध्ये अपघातात गेले. जनक पलटा इंदूरजवळच्या सनावदिया गावी राहून हेच काम पुढे शिकवत राहिल्या आणि २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बरलीचं स्वयंपाकघर चाललं, कारण ते वसतिगृह होतं. तिथेही पंगत होती, दुपार होती, आरसे पुसणारे हात होते. त्या मुलींच्या पाड्यावर यांतलं काहीच नव्हतं. १ मे २०१६ रोजी बलियातून सुरू झालेली उज्ज्वला योजना तिथे गॅसची टाकी घेऊन पोचली. ती टाकी रिकामी झाल्यावर पुन्हा भरायला पैसे लागतात. म्हणून सरपण पूर्णपणे सुटलेलं नाही.

खेड्यात, गरिबाच्या वाट्याची, रोज दुपारी बसणारी पंगत एकाच ठिकाणी आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांतून शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला आणि देशातल्या लाखो शाळांत मुलं पटांगणात ओळीने बसू लागली. भात, वरण, उसळ. वेळ साडेबारा-एकची, ऊन डोक्यावर. शेफलरच्या तबकडीला याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. काही ठिकाणी तसे प्रयोग झालेही. पण शाळेमागे विश्वस्त मंडळ नसतं, देणगीची पेटी नसते, आणि दीड कोटीची योजना तयार करून दिल्लीला पाठवणारा अधिकारीही नसतो. महाराष्ट्रात हा स्वयंपाक बहुतेक ठिकाणी बचत गटाच्या बायका करतात. इंधन-भाजीपाल्याचे पैसे त्यांना मागाहून मिळतात, तोवर त्या उधारीवर भागवतात. केंद्र सरकारने त्यांचं मानधन ठरवलं ते २००९ मध्ये: महिना एक हजार रुपये, वर्षातले दहा महिने.